कागद मालाच्या आधी पोचला पाहिजे

लॉजिस्टिक्समधल्या नोकरी-धंद्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. इतकी पत्रं येतील असं संपादकांना वाटलं नव्हतं, मला तर अजिबातच नाही. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सहा घेतली आहेत. माझी ओळख दोन ओळींत: माहेर उरणचं. १९९२मध्ये बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम हाऊस एजंटाकडे टायपिस्ट म्हणून लागले, आता पनवेलला नऊ माणसांचं क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचं, म्हणजे माल कस्टम्समधून सोडवून पुढे पाठवायचं, ऑफिस चालवते. विमानाने जाणारा माल मला थोडाच कळतो, बोटीचा बरा कळतो. उत्तरं त्या हिशेबाने वाचा.

ताई, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातली एक संस्था लॉजिस्टिक्सचा अकरा महिन्यांचा डिप्लोमा देते. फी अडीच लाख, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. वडील जमिनीवर कर्ज काढायला तयार आहेत. करू का? — एक विद्यार्थी, लातूर

नको करूस. निदान कर्ज काढून तर नकोच.

'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणताना नोकरी कसली, ते कुणी लिहीत नाही. गोदामात कंत्राटावर हातात स्कॅनर घेऊन उभं राहणं हीसुद्धा प्लेसमेंटच, आणि ती बारावीवर मिळते, अडीच लाख न भरता. संस्थेकडे मागच्या बॅचची यादी माग: मुलाचं नाव, कंपनी, हुद्दा. त्यातल्या दोघांना स्वतः फोन कर. यादी द्यायला खळखळ केली, तर तुला उत्तर तिथेच मिळालं.

आमच्या धंद्यात शिकायची वाट जुनी आहे आणि स्वस्त आहे. कागदोपत्री आता 'कस्टम्स ब्रोकर' म्हणतात, पण उरण-पनवेलला अजून सगळ्यांच्या तोंडी 'सीएचए', म्हणजे कस्टम हाऊस एजंट, हेच. अशा ब्रोकरकडे नोकरीला लागलास की कस्टम्सकडून एच-कार्ड, म्हणजे तिथे कामाला जायचं ओळखपत्र, निघतं. त्याला बारावी पुरते. मग खात्याची परीक्षा देऊन त्याच्या वरचं जी-कार्ड. पदवी आणि जी-कार्डावरची दोन वर्षं पुरी झाली की ब्रोकरच्या लायसन्सच्या परीक्षेला बसता येतं. ती लेखी आणि तोंडी अशी दोन्ही असते. अवघड आहे. माझ्या ओळखीतले बरेच जण पहिल्या खेपेला आपटले, त्यात मीही आले. पण या सगळ्यात कर्ज कुठेच नाही, उलट महिन्याला काहीतरी हातात येतं. किती? सुरुवातीची दोन वर्षं पनवेलला कॉट बेसिसवर राहून घरी फारसं पाठवता येणार नाही एवढं. हे वडिलांना आधीच सांगून ठेव.

मी मुलाखतीत काय बघते ते सांगते, म्हणजे तयारी कशाची करायची ते कळेल. समोर तीन कागद ठेवते: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे बोटवाल्यांच्या माल-पावतीचा, मसुदा. पंधरा मिनिटं देते आणि चहा प्यायला निघून जाते. परत आल्यावर विचारते, "सही करू का?" बहुतेक जण "हो मॅडम" म्हणतात. गेल्या वर्षी आयटीआय झालेला एक मुलगा आला होता, इंग्रजी बोलताना अडखळत होता. त्याने बोट ठेवलं: पॅकिंग लिस्टवर ४१२ खोके, मसुद्यावर ४२१. मग म्हणाला, "आणि मॅडम, इन्व्हॉइसवर एफओबी लिहिलंय, पण भाड्याचा आकडा आत धरलाय." एफओबी म्हणजे बोटीचं भाडं किमतीत धरायचं नसतं. ही दुसरी चूक मी मुद्दाम केलेली नव्हती. ती माझ्याही नजरेतून सुटली होती. तो सोमवारपासून कामाला आला.

तेव्हा एफओबी, सीआयएफ, एफसीए या विक्रीच्या अटींत भाडं कुणी भरायचं आणि जोखीम कुठे हात बदलते हे नीट वाच, एक्सेल चांगलं शिकून घे, आणि इंग्रजी बोलता आलं नाही तरी चालेल, वाचता आलं पाहिजे. माल बोटीवर तीन आठवडे असतो, पण त्याचा कागद त्याच्या आधी पोचला पाहिजे आणि बरोबर पोचला पाहिजे. नाहीतर माल बंदरात पडतो, आणि पडून राहिल्याचं मीटर रोज फिरतं.

घरात कुणी धाकटं बारावीला असेल, तर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी आणि वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय ही दोन्ही सरकारी आहेत, त्यांच्या अभ्यासक्रमांकडे जरूर बघावं.

डॉक्युमेंटेशनचं काम एआय खाऊन टाकेल असं सगळे म्हणतात. मग त्यात शिरावं का? — नागपूर

ही नोकरी माझ्या डोळ्यांदेखत दोनदा मेली आहे. पहिल्यांदा मेली ती माझीच होती.

बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सचा अर्ज, तेव्हा टाइपरायटरवर, कार्बन घालून. किमतीच्या रकान्यात बोट घसरलं की खाडाखोड चालायची नाही, अख्खा संच पुन्हा. मी त्यात पटाईत होते आणि मला त्याची घमेंड होती. ईडीआय, म्हणजे हे कागद संगणकावरून पाठवायची पद्धत, आलं, टाइपरायटर भंगारात गेला, मी संगणकावर बसले. मग २०२०मध्ये फेसलेस असेसमेंट आलं. उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरात उतरलेल्या मालाची फाइल दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासतो, तो कोण ते आपल्याला कळतही नाही. आपली फाइल कुठल्या टेबलावर पडली आहे आणि त्या टेबलावरचे साहेब कितीला चहाला उठतात, एवढ्याच ज्ञानावर ज्यांनी वीस वर्षं काढली होती, त्यांचं भांडवल एका पावसाळ्यात बुडालं. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं असं म्हणवत नाही.

आता सॉफ्टवेअर इन्व्हॉइस वाचून रकाने स्वतःच भरतं, आमच्याकडेही भरतं. पण इन्व्हॉइसवर नुसतं 'लंच बॉक्स' लिहिलेलं असतं. कस्टम्सच्या दरयादीत प्लॅस्टिकचा डबा ३९व्या प्रकरणात, स्टीलचा ७३व्यात, आणि दुहेरी भिंतीचा, मधली हवा काढलेला, तो थर्मासच्या पंगतीला ९६व्यात. प्रकरण बदललं की ड्यूटी बदलू शकते. सॉफ्टवेअर एक आकडा निवडतं आणि आत्मविश्वासाने निवडतं. "दोन भिंतींच्या मध्ये काय आहे?" हा फोन आयातदाराला माणसालाच करावा लागतो. या वर्गीकरणाची जागतिक यादी १ जानेवारी २०२८पासून पुन्हा बदलणार आहे. ती नीट वाचून बसलेला माणूस तेव्हा रिकामा राहणार नाही.

नुसतं टाइप करायला शिरणार असाल तर शिरू नका.

आमची चार एकर थॉमसन द्राक्षं आहेत. निर्यातदाराला माल देतो, तो म्हणतो बोटी आफ्रिकेला वळसा घालून जातात म्हणून भाव कमी. खरं किती, खोटं किती? आणि पुढच्या वर्षी स्वतःच कंटेनर पाठवावा असा मुलाचा हट्ट आहे. — निफाड

वळसा खरा आहे. १९ नोव्हेंबर २०२३ला लाल समुद्रात हुतींनी 'गॅलेक्सी लीडर' ही बोट पकडली, आणि त्यानंतर बड्या शिपिंग लाइन्सनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपची वाट धरली. न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला जाणाऱ्या डब्याला, म्हणजे कंटेनरला, त्यात दहा ते चौदा दिवस जास्त लागतात. वाट पूर्ववत कधी होईल याच्या बातम्या येतात आणि विरतात. एप्रिलमध्ये छाटणी करताना त्या बातम्यांवर हिशेब बांधू नका.

पण 'म्हणून भाव कमी' यात किती पाणी आहे, ते तुम्हाला तपासता येतं. मणी टिकतो हो, ग्रेपगार्ड (पेटीतला बुरशी रोखणारा कागद) आणि गारवा असेल तर टिकतोच. आधी जातो तो देठ. गिऱ्हाईक पेटी उघडतं तेव्हा पहिल्यांदा बघतं देठ हिरवा आहे की काडी झाली. दहा दिवस वाढले की देठाची परीक्षा होते, आणि तिचा निकाल बागेतून पॅकहाऊसपर्यंत आणि पॅकहाऊसपासून प्रीकूलिंगपर्यंत, म्हणजे माल आधी गार करायच्या खोलीपर्यंत, किती तास गेले त्यावर लागतो. तेव्हा निर्यातदाराकडे दोन गोष्टी मागा: डब्याचा नंबर, आणि उतरल्यावर तापमानाच्या लॉगरचा ग्राफ. नंबर टाकला की बोट कुठे आहे ते लाइनच्या वेबसाइटवर कुणालाही दिसतं. ग्राफ सरळ असेल आणि तरी माल खराब म्हणून पट्टी कापली, तर बसून विचारा.

आता मुलाचा हट्ट. त्याला माझी एक गोष्ट सांगा.

२००६चा फेब्रुवारी. हंगाम भरात, दिवसाला चार-पाच डब्यांची बुकिंगं. द्राक्षाला तापमान मागतात उणे अर्धा अंश. मी लाइनला पाठवलेल्या मेलमध्ये ०.५चं टिंब राहिलं, शून्यही राहिलं, आणि गेलं ते उणे ५. लाइनने मागितलं तसं दिलं. रिकाम्या डब्यांच्या यार्डातून उणे ५वर लावलेला रीफर, म्हणजे गारव्याचा डबा, निघाला, जनरेटर लावलेल्या ट्रेलरवर बसला, घाट चढला आणि पिंपळगावच्या पॅकहाऊसला लागला. रात्री साडेअकराला ड्रायव्हरचा फोन: "ताई, डब्याच्या पाटीवर मायनस पाच दिसतंय. द्राक्षं भरायचीत का मासळी?"

तो दहा हंगाम द्राक्षं ओढत होता. त्याला कुणी मेल दाखवला नव्हता. डब्याच्या तोंडाशी लाल आकडे पेटलेले असतात, ते त्याने बिडी ओढता ओढता वाचले. पहाटे चारला भरायला सुरुवात होणार होती. लाइनच्या रात्रपाळीच्या माणसाला उठवलं, दुरुस्तीचा मेल केला, सकाळी नाशिकहून टेक्निशियन आला, सेट पॉइंट बदलला, डबा पुन्हा तापमानावर यायची वाट बघितली. पॅलेट तोवर प्रीकूलिंगमध्येच थांबले. तो डबा तसाच भरून गेला असता तर रॉटरडॅमला द्राक्षांचा बर्फ उतरला असता आणि माझं ऑफिस तिथेच संपलं असतं. ड्रायव्हरने हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे, पैसे दामदुप्पट लावले. मी दिले.

मुलाला म्हणावं, पहिल्या वर्षी स्वतःचा डबा नको. एका निर्यातदाराबरोबर फिर. सरकारच्या ग्रेपनेटवर बागेची नोंदणी, रेसिड्यूचा (फवारणीच्या उरलेल्या अंशाचा) अहवाल, फायटो (रोग-कीड नसल्याचा दाखला), डबा भरताना पाटीवरचा आकडा, हवेचा व्हेंट किती उघडा, सीलचा नंबर, प्रत्येकाचा फोटो मोबाइलवर काढून ठेव. २०१०मध्ये लिहोसीन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात आपला माल अडकला तेव्हा ज्यांच्याकडे फवारणीची वही होती ते निदान बोलू शकले.

विम्याबद्दल एक, कारण हे एजंट सांगत नाही. बोटीच्या मालाचा 'सर्व जोखमी'वाला विमा घेतलात तरी नुसत्या उशिरामुळे झालेलं नुकसान त्यात बसत नाही, तसं कलमातच लिहिलेलं असतं. बोट वळसा घालून गेली आणि देठ वाळले, तर पैसे मिळतील या भरवशावर राहू नका. हे मी निफाडात एकदा सभेत सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या तिघांनी पॉलिसी खिशातून काढून वाचायला घेतली. तीन हंगाम भरत होते म्हणे.

दोन गाड्या आहेत, एक दहा चाकी, एक बारा चाकी. न्हावाशेवा लाइन करतो. मालगाडीचा नवा मार्ग, भाड्याची अ‍ॅपं, बॅटरीवरचे ट्रक... आमचं काय उरणार? मुलगा तर स्टिअरिंगला हात लावायला तयार नाही. — फलटण

मालगाडीला भिऊ नका. पश्चिमेचा तो मार्ग दादरी ते न्हावाशेवा, १,५०६ किलोमीटर, डब्यावर डबा चढवून. दिल्लीकडचा कंटेनर त्यावर जाईल, जायलाच हवा. फलटण ते बंदर अडीचशे किलोमीटरसुद्धा नाही. एवढ्यासाठी डबा गाडीवरून उतरवून रेल्वेवर चढवायचा आणि पुन्हा उतरवायचा, हा खर्च कुणाला परवडत नाही.

अ‍ॅपबद्दल तुमची भीती मला पटते. रिकामी परत यायची पाळी कमी झाली, हे खरं. पण तुमची गाडी रिकामी उभी आहे हे दलालाला चार फोननंतर कळायचं, अ‍ॅपला लगेच कळतं, आणि गरजू माणसाला भाव कसा मिळतो हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून किमान एक बांधील गिऱ्हाईक ठेवा, अ‍ॅप फक्त परतीच्या मालाला. आणि हॉल्टिंगचा दर आधी लेखी घ्या. गाडी कधी पोचली, कधी सुटली, याला तुमच्याकडे फास्टॅगचे मेसेज आणि जीपीएस दोन्ही पुरावे आहेत. पूर्वी आमच्यासारखे लोक "गाडी उशिरा आली" म्हणून हात झटकायचे. मीही झटकलेत.

ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा कागद, दोनशे किलोमीटरला एक दिवस चालतं. घाटात गाडी बंद पडली तर मुदत संपायच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. ड्रायव्हरला हे तोंडपाठ करून द्या.

बॅटरीचे ट्रेलर बंदराच्या आसपास फिरायला लागलेत. तुमच्या वाटेवर मध्ये बोरघाट आहे, तुम्ही थोडं थांबा. नवी गाडी घ्यायचीच असेल तर २२ सप्टेंबर २०२५पासून ट्रकवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे आणि १ ऑक्टोबर २०२५पासून बनलेल्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची आहे. मुलाला एकदा त्या केबिनमध्ये बसवून बघा. तरीही नाहीच म्हणाला तर त्याला बिलिंग आणि ट्रॅकिंग द्या. दोन गाड्यांचा धंदा पाचवर जातो तो टेबलावर घरचा माणूस बसला की.

मुलीला भिवंडीच्या गोदामात शिफ्ट लीडरची नोकरी लागली आहे. रात्रपाळी आहे. जाऊ द्यावं का? — एक आई, सांगली

जाऊ द्या, पण एकदा तिच्याबरोबर तिथे जाऊन या.

२०१७मध्ये जीएसटी आला, राज्याराज्यांत करासाठी ठेवलेली बारकी गोदामं बंद झाली आणि भिवंडीत एकेक छप्पर मैदानाएवढं झालं. आत चांगला उजेड असतो, कॅमेरे असतात, कामही डोक्याचं आहे. अडचण गेटच्या बाहेर आहे. गोदामापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा कच्चा तुकडा, ट्रेलरच्या रांगा, दिवा नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७च्या कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था दोन्ही लागतात. कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते की नाक्यापर्यंत, एवढाच प्रश्न विचारा. "नाक्यापर्यंत" म्हणाले तर दिवसपाळी मागायला सांगा. आणि बायकांचं स्वच्छतागृह स्वतः बघा, त्यावरून कंपनी कळते.

ताई, आम्ही मच्छीमार. घरचे सगळे वाढवण बंदराच्या विरोधात मोर्चाला जातात, मीही जातो. पण बंदर झालंच तर आम्हाला खरंच नोकऱ्या मिळतील का? हे घरात विचारलं तर भांडण होतं, म्हणून तुम्हाला विचारतो. — डहाणू तालुका

तुझं पत्र मी दोनदा ठेवून दिलं आणि तिसऱ्यांदा हातात घेतलं.

वाढवणचे आकडे तुला माहीत असतील: ७६,२२० कोटींचा प्रकल्प, जेएनपीएचा, म्हणजे न्हावाशेवा बंदर चालवणाऱ्या संस्थेचा, वाटा ७४ टक्के, राज्याच्या मेरिटाइम बोर्डाचा २६, ऑगस्ट २०२४मध्ये पायाभरणी. किनाऱ्याजवळ वीसएक मीटरची नैसर्गिक खोली मिळते, म्हणून सगळ्यात मोठ्या बोटी तिथे लागू शकतील. ही खोली तुझ्या आजोबांना नकाशा न बघता माहीत होती. मोर्चाला जायचं की नाही हे मी सांगणार नाही. उरणला काय झालं ते सांगते.

१९८४च्या जानेवारीत सरकारने घेतलेल्या जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या मागे सगळा उरण-पनवेल रस्त्यावर उतरला होता. गोळीबारात पाच जण गेले. मी शाळेत होते, जासईहून परतलेले काका दोन दिवस जेवले नव्हते. त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व निघालं. १९८९मध्ये बंदर सुरू झालं. आमची खाडीकडची भातशेती गेली होती, मोबदला आला, त्यातून भावाने मोटारसायकल घेतली. त्याला काम मिळालं ते ट्रेलरच्या पार्किंगवर पावत्या फाडायचं. चुलतभाऊ सिक्युरिटीत. आमच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ऑफिसांत खुर्चीवर बसायला मुलं यायची डोंबिवलीहून, चेंबूरहून, केरळातून. त्यांनी काही चोरलं नव्हतं. त्यांना शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा अर्ज) भरता येत होतं, आम्हाला येत नव्हतं, आणि बंदर बांधायला लागलेल्या वर्षांत ते आम्हाला शिकवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्याही नाही.

मी खुर्चीवर बसले ती केवळ आईने मासळीच्या पैशातून टायपिंगची फी भरली म्हणून. भाऊ अजून म्हणतो, तुला शिकवलं आणि मला मोटारसायकल दिली.

तेव्हा नोकऱ्या मिळतील का, याचं उत्तर: मिळतील, पावत्या फाडायच्या. खुर्चीच्या हव्या असतील तर शिकणं आत्तापासून, आणि त्यासाठी बंदराला होकार द्यावा लागत नाही. मोर्चाला जाऊन आल्यावरही जी-कार्डाचा अभ्यास करता येतो. बंदर झालं नाही तरी तो न्हावाशेव्याला चालेल.

तुझा पत्ता संपादकांकडे कळव, माझी परीक्षेची जुनी वही पाठवते. त्यातली सुरुवातीची चाळीस पानं २०१८च्या आधीच्या नियमांची आहेत, ती फाडून टाक.